विश्लेषण : अभंग सर्वांचा, पण अल्बम कोणाचा?

देहू आणि आळंदी या दोन तीर्थक्षेत्रांना आज कारखान्यांनी वेढले आहे. तुकाराम महाराजांच्या चिंतनाशी जोडलेला भामचंद्र डोंगर तर चाकण औद्योगिक वसाहतीला अगदी लागून आहे. या पट्ट्यात भजनी मंडळे आहेत, मराठवाडा-विदर्भातून कामासाठी आलेल्यांची भीमगीते आणि गोंधळ आहे, तसेच गिटार-ड्रम घेऊन उभी राहिलेली पोरेही आहेत. कंपनीतली पाळी संपल्यावर तालीम करायची, पदरचे पैसे घालून स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचे आणि अल्बम मोबाइलवर आणायचा, हे आता अवघड राहिलेले नाही. मात्र गाणे चालले तर त्याचे पैसे कोणाला मिळणार, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात सही करून झाल्यावर येतो.

लोकसंगीत आणि रॉकची ही जोडी नवी आहे का?

नाही. पुण्यातून पुढे आलेल्या ‘अग्नी’ या रॉक बँडचा पहिला अल्बम २००७ मध्ये आला. ‘एनएच७ वीकेंडर’ हा महोत्सव २०१० मध्ये पुण्यातच सुरू झाला. ‘अभंग रिपोस्ट’सारख्या बँडने संतांचे अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने तरुणांपर्यंत नेले. त्याआधी कॅसेटच्या काळात प्रल्हाद शिंदे यांचा आवाज गावोगावच्या मांडवांत पोहोचला होता. फरक एवढाच, की तेव्हा गाणे बाजारात आणायला कॅसेट कंपनी लागायची. आज मोबाइलवरूनही ते करता येते.

अभंगावर मालकी कोणाची?

तुकारामांचे शब्द सतराव्या शतकातले. त्यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, ते कोणीही गावेत. चालीचे मात्र तसे नाही. लता मंगेशकर यांनी गायिलेल्या ‘अभंग तुकयाचे’ या अल्बमच्या चाली श्रीनिवास खळे यांच्या आहेत. भारतात संगीतकाराचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. खळे यांचे निधन २०११ मध्ये झाले, म्हणजे त्यांच्या चालींवरील हक्क २०७१ च्या अखेरपर्यंत आहे. अभंग मोकळा, चाल मोकळी नाही, हे नव्या बँडने पक्के लक्षात ठेवावे. पारंपरिक चालीवर तुम्ही केलेली स्वतःची नवी संगीतरचना तुमची असू शकते, मूळ परंपरा मात्र तुमची होत नाही.

एका गाण्यात किती हक्क असतात?

चार वेगवेगळे. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे साधारणपणे ज्याने खर्च केला त्याचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. चौथा हक्क सादरकर्त्याचा. गायक, तसेच ढोलकी किंवा संबळ वाजवणारा, यांना तो ५० वर्षे मिळतो. सादरकर्ता म्हणून आपले नाव दिले जावे, असा दावाही त्यांना करता येतो. मित्रच एकत्र आले म्हणून हे कोणी लिहून ठेवत नाही. पुढे बँड फुटला की भांडण नेमके इथूनच सुरू होते.

कायदा कलावंताच्या बाजूने आहे का?

बऱ्याच अंशी आहे. पूर्वी एकरकमी मानधन घेऊन सगळे हक्क देऊन टाकण्याची रीत होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती मोडली. गीतकार-संगीतकाराने हक्क लिहून दिले, तरी रॉयल्टीतील समान वाटा सोडून देता येत नाही. करार लेखीच हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. अनेकांना हे माहीत नसते, म्हणून ‘सर्व हक्क, सर्वकाळ, जगभर’ अशी ओळ वाचूनही ते सही करतात.

मग पैसे का येत नाहीत?

कारण रॉयल्टी आपोआप दारात येत नाही. गीतकार-संगीतकारांसाठी ‘आयपीआरएस’ ही १९६९ पासूनची संस्था आहे, गायकांसाठी ‘इसाम्रा’ (पूर्वीची ‘इस्रा’) आहे. सदस्य होऊन गाण्यांची नोंद करावी लागते. दुसरी अडचण मंचांची आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला, की मागील १२ महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला रॉयल्टी नाही. चाकणच्या नवख्या गायकासाठी हा आकडा लहान नाही. शिवाय धार्मिक समारंभात आणि लग्नाच्या वरातीत गाणे वाजवण्यास कायद्यात सूट आहे, आणि आपल्याकडे लोकगीते सर्वाधिक वाजतात ती तिथेच.

काय करायला हवे?

कलावंतांनी अल्बमआधीच एका कागदावर शब्द कोणाचे, चाल कोणाची, वादक कोण आणि वाटा किती, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. गाणे मंचावर चढवताना वादकांचीही नावे द्यावीत. लेबलचा करार एखाद्या जाणकाराला दाखवल्याशिवाय सही करू नये.

पण सगळा भार कलावंतावर टाकून चालणार नाही. महापालिकेचे महोत्सव, कंपन्यांचे वार्षिक समारंभ आणि गणेशोत्सवाचे मोठे मांडव यांना मंडप, ध्वनियंत्रणा आणि पाहुण्यांच्या सत्कारासाठी पैसे मिळतात. स्थानिक गायकाला मात्र ‘व्यासपीठ मिळतेय ना’ असे ऐकवले जाते. व्यासपीठाने स्टुडिओचे भाडे भरले जात नाही. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कार्यक्रमात स्थानिक कलावंताचे मानधन आधी ठरावे आणि लेखी ठरावे. महापालिकेच्या नाट्यगृहांत तालमीसाठी रिकाम्या वेळा सवलतीत द्याव्यात, आणि वर्षातून एकदा तरी करार व रॉयल्टीची माहिती देणारे शिबिर भरवावे. यासाठी मोठी तरतूद लागत नाही.

या पट्ट्यात कारखान्यातल्या सुट्या भागाचाही हिशेब ठेवला जातो. इथल्याच गाण्याचा हिशेब ठेवायला काय हरकत आहे?