शनिवारी थांबणारा घाणा

ज्यूंचे नववर्ष चांद्रमासाने ठरते. त्यामुळे ते कधी गणपतीच्या तोंडावर येते, तर कधी घटस्थापनेला. आपल्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांत त्याला 'नव्याचा सण' म्हणत आले. पाऊस ओसरत आलेला असतो, हळवे भात पिकू लागलेले असते आणि अलिबागच्या इस्रायल आळीत, 1848 साली स्थापन झालेल्या 'मागेन अबोथ' सिनेगॉगमध्ये एडक्याच्या शिंगाची तुतारी फुंकली जाते. ती ऐकायला आता मोजकी घरे उरली आहेत. या आळीची लेकरे-नातवंडे आज इस्रायलमधल्या अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेबा इथे हा सण करतात.

देश सोडणारा माणूस ट्रंकेत भांडी नेतो, फोटो नेतो, मसाल्याची कृती नेतो. मलिदा या नैवेद्याचे पोहे, गूळ, खोबरे कुठेही जमवता येते. पण समुद्राची गाज, माडाच्या झावळ्यांची सळसळ, दारावर आलेल्या कोळणीची हाळी यांतले काहीच नेता येत नाही. बेने इस्रायलांचे तर आणखी एक आगळे होते. गलबत फुटून आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे त्यांची परंपरा सांगते. पुढे ते गावोगाव पांगले. किहीमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर झाले. तेल गाळणे हा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सहा दिवस लाकडी लाट उखळीत करकरत फिरायची, बैलाच्या गळ्यातली घंटा वाजायची आणि सातव्या दिवशी ते सगळे थांबायचे. आज शनिवार आहे, हे शेजारच्या आगरी-माळ्याच्या घरालाही त्या शांततेवरून कळत असणार. गावाचा आठवडाच या आवाजाने बांधलेला होता.

या किनाऱ्यावरच्या अष्टागरातल्या वाड्यांत दुसरा आवाज रहाटाचा. बैल गोल फिरे, आडवे दातेरी चाक उभ्या चाकाला फिरवी, भरलेली गाडगी विहिरीतून वर येत, पन्हळीत रिती होत आणि पुन्हा खाली जात. लाकडावर लाकूड घासल्याची ती लांबट कुरकुर आणि तिच्यात मिसळलेले पाणी पडण्याचे ठेके! नागाव, चौल, रेवदंड्याची नारळी-पोफळी या आवाजावर वाढली. आता बटण दाबले की पंप सुरू होतो. कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. रहाट परत यावा असे आम्ही म्हणणार नाही. मात्र 1950-60 च्या दशकांत ज्यांनी गाव सोडले, त्यांच्या कानांत आजही रहाटच फिरतो आहे. आपण इथे राहून तो घालवला, त्यांनी तिथे राहून तो सांभाळला. परागंदा माणसाच्या आठवणीला आपण हळवेपणा म्हणून सोडून देतो, ते चूक आहे. तो या किनाऱ्याचा दस्तऐवज आहे.

इस्रायलमधले सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते. वाळवंटातल्या नव्या वसाहतींत राहायचे, हिब्रू शिकायची आणि वर आपले ज्यूपणच सिद्ध करायचे. त्यांच्याशी लग्नसंबंध करावेत की नाही, यावरून उठलेला हा वाद सरकारी पातळीवर 1964 मध्ये मिटला. तरीही त्यांनी मराठी सोडली नाही. अब्राहाम, योसेफ, दावीद यांच्या कथा साकी-दिंडीच्या चालींवर सांगणारी त्यांची मराठी कीर्तने इथून तिथे गेली. 'मायबोली' हे मराठी नियतकालिक 1980 च्या दशकात इस्रायलमध्ये निघाले. घरातली म्हातारी माणसे अजून मराठीत रागावतात आणि मराठीत अंगाई गातात. त्यांच्या नातवंडांना मात्र ती भाषा कानावरून ओळखता येते, बोलता येत नाही.

म्हणूनच या आठवणी टिपून ठेवणे तातडीचे आहे. आकाशवाणीने, विद्यापीठांच्या मराठी विभागांनी इस्रायलमधल्या आणि इथल्या वृद्धांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्याचे काम यंदाच्या नव्याच्या सणापासून हाती घ्यावे. घाणा कसा वाजे, रहाट हाकताना बैलाला काय म्हणत, एलियाहू हनाबीची, म्हणजे एलियाहू प्रेषिताची, गाणी कोणत्या चालीवर म्हणत, हे विचारून घ्यावे. वाचकांनीही सरकारची वाट पाहू नये. आजोबांचे घर शोधत एखादे कुटुंब तुमच्या गावात आले, तर त्यांना वाडी दाखवा, त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांशी मराठीत बोला आणि त्यांची हरकत नसेल तर ते बोलणे मोबाइलवर टिपून ठेवा. आपल्याही घरातल्या आजीचे बोलणे टिपा. रहाट तिनेही ऐकला आहे. ऐन तरुणपणी अलिबाग सोडून गेलेली ती पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे.