ट्रेमधले कागद कुणाचे?



या खेपेचा विषय तसा रुक्ष आहे : पब्लिक लायब्ररीतला प्रिंटर. "यात काय लिहायचं?" असं वाटेल. मलाही तसंच वाटायचं!

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या लायब्ररीत शनिवारी सकाळी मी व्हॉलंटिअर म्हणून कॉम्प्युटरची कामं बघतो. सोळा पीसी आणि सगळ्यांच्या प्रिंट्स एकाच मोठ्या प्रिंटरवर. काही वर्षांपूर्वी लायब्ररीने विचारलं होतं, 'प्रिंट रिलीज'ची सोय विकत घ्यावी का? माझी नोकरीच नेटवर्कची, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन. मी ऐटीत सांगून टाकलं, "कशाला उगाच खर्च? लोक प्रिंट देतात, उठून घेऊन जातात. झालं!"

तो सल्ला चुकीचा होता, हे मला एका काकांनी शिकवलं.

काका-काकू मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. सुनेचं बाळंतपण अपुऱ्या दिवसांचं झालं, म्हणून मुक्काम वाढवायचा ठरलं. त्यासाठी आय-५३९ फॉर्म, पासपोर्टच्या प्रती, खर्च कोण करणार ते दाखवायला मुलाचं बँक स्टेटमेंट आणि पगाराच्या स्लिपा. एकूण तेवीस पानं. काकांनी प्रिंट दिली, काउंटरवर पैसे भरले आणि ट्रेपाशी गेले, तर ट्रे रिकामा. त्यांच्या आधी एक शाळकरी मुलगा आपला प्रोजेक्ट उचलताना खालचा सगळा गठ्ठाच घेऊन गेला होता.

"अहो, तुम्ही मराठी का? माझे कागद गेले कुठे हो?"

"काळजी करू नका काका, पुन्हा काढून देतो," मी म्हणालो.

"पुन्हा निघतील हो. पण मुलाचा पगार नि खातेनंबर कुणाच्या दप्तरात गेला? त्याला काय सांगू मी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो मुलगा बिचारा अर्ध्या तासाने कागद परत घेऊन आला, पण स्टेटमेंटची दोन पानं काही सापडली नाहीत. काकांच्या मुलाने शेवटी बँकेत जाऊन खातंच बदलून घेतलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा प्रिंटरची रांग नीट उघडून बघितली. विंडोजमध्ये एरवी ज्याने प्रिंट दिली त्यालाच ती रद्द करता येते. पण आमच्याकडे सगळ्या पीसींवर 'पब्लिक' हे एकच लॉगिन. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी सगळे एकच माणूस! कुणीही कुणाचीही प्रिंट रद्द करावी. वर फाइलची नावं रांगेत उघडी : कुणाचा राजीनामा, कुणाचा घटस्फोटाचा अर्ज, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट.

गंमत बघा. लायब्ररीतून कोण कुठलं पुस्तक नेतं, ही नोंद न्यू जर्सीच्या कायद्याने गोपनीय आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ साली आपल्या 'लायब्ररी बिल ऑफ राइट्स'मध्ये खाजगीपणाचं वेगळं कलमच घातलं. म्हणजे मी कुठली रहस्यकथा वाचतो ते गुपित, आणि माझा पगार मात्र ट्रेमध्ये उताणा!

मग मीच लायब्ररीकडे जाऊन माझा सल्ला मागे घेतला. आता प्रिंट दिली की ती आधी सर्व्हरवर थांबून राहते. पडद्यावर पानं किती, पैसे किती ते दिसतं. प्रिंटरशेजारच्या रिलीज स्टेशनवर आपलं नाव निवडून पिन टाकला आणि पैसे भरले की मगच, आपण समोर उभे असताना कागद बाहेर येतात. दोन तासांत कुणी आलं नाही तर काम आपोआप पुसलं जातं. खरं नाव द्यायची सक्ती नाही. एक आजी दर वेळी नातवाचं नाव टाकतात. चुकून दिलेली चाळीस-चाळीस पानंही आता रद्दीत जात नाहीत, हा वरचा फायदा.

एक गोष्ट मात्र राहिलीच होती. मोठ्या कॉपिअर-प्रिंटरमध्ये बऱ्याचदा हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर कागदांच्या प्रतिमा राहू शकतात. भाड्याने घेतलेले कॉपिअर डिस्क न पुसता परत दिले, म्हणून न्यूयॉर्कच्या एका आरोग्य विमा संस्थेला २०१३ साली बारा लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली होती. तेव्हा जुनं यंत्र परत करताना डिस्क पुसून घ्यायची, हे आम्ही करारातच लिहून घेतलं.

आपल्यापैकी अनेकांचे आई-बाबा इथे आले की लायब्ररीत जाऊन बसतात. त्यांना एवढं सांगून ठेवा : प्रिंट देण्याआधी पानांचा आकडा बघा, प्रिंटरपाशी लगेच जा, कागद मोजून घ्या, आणि उठण्याआधी डाउनलोड केलेली फाइल पुसून ईमेलमधून साइन आउट करा. आणि आपण जे या धंद्यातले आहोत, त्यांनी आपल्या लायब्ररीत एकदा विचारावं, "तुमच्या प्रिंटरची रांग कुणाकुणाला दिसते?" लायब्ररीच्या माणसांना हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. मला विचारला होता, तर मी उत्तर चुकलो.

काकांना मुदतवाढ मिळाली. जायच्या आधी एकदा नातवाचे फोटो छापायला आले होते. पिन टाकला, कागद हातात घेतले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मोजले हो. पूर्ण आहेत."

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
शनिवारचा प्रिंटरवाला