पाच मिनिटं आणि दीडशे तास

आमच्या हॉस्टेलवर रात्री अकरानंतर दोनच विषयांवर भांडणं होतात. एक क्रिकेट आणि दुसरा बी.ई.चा प्रोजेक्ट. यंदा आमच्या रूममध्ये दुसऱ्या विषयावर पेटलंय. माझ्या रूम पार्टनरच्या ग्रुपने ठरवलंय की, घरी बांधता येतं तसलं एका माणसाचं छोटं विमान करायचं आणि त्याला मारुती ८०० चं इंजिन बसवायचं. भंगारवाल्याशी बोलणीसुद्धा झाली आहेत. "अरे, गाडीत लाख-दीड लाख किलोमीटर चालतं, मग विमानात का नाही चालणार?" हा त्याचा सवाल.

यावर विंगमध्ये दोन पक्ष पडलेत. एक पक्ष खो खो हसतो, दुसरा "भन्नाट!" म्हणून टाळ्या वाजवतो. मी दोन्हीकडे नाही. माझं मत वेगळं आहे आणि ते थोडं कडू आहे, म्हणून इथे लिहितोय.

आधी हसणाऱ्यांसाठी. ही कल्पना मुळीच वेडगळ नाही. १९०३ साली राईट बंधूंना विमानासाठी हलकं इंजिन हवं होतं. त्यांनी मोटारी बनवणाऱ्यांना पत्रं लिहिली, पण हवं तसं इंजिन कोणाकडेच मिळालं नाही. शेवटी त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत चार सिलिंडरचं, साधारण १२ हॉर्सपॉवरचं इंजिन बनवून दिलं. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बर्नार्ड पिटेनपोल नावाच्या माणसाने फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं इंजिन आपल्या लाकडी 'एअर कँपर'ला लावून उडवलं. त्या विमानाचे प्लॅन्स घेऊन लोक आजही विमानं बांधतात. महायुद्धानंतर युरोपात फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावर कितीतरी छोटी विमानं उडाली. आपल्याकडे कांदिवलीच्या एका गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधलं आणि २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं, हे तर सर्वांना माहीत आहे. तेव्हा घरी विमान बांधणाऱ्याला हसणं सोडा.

मोटारीच्या इंजिनाचा मोह का होतो, हेही उघड आहे. लायकमिंग किंवा कॉन्टिनेंटल कंपनीचं नवं विमान-इंजिन घ्यायला गेलात, तर किंमत ऐकून आपली चार वर्षांची फी चिल्लर वाटते. आणि ते इंजिन बघितलं तर आपल्याला हसू येतं! लायकमिंग ओ-३२० हे तब्बल सव्वापाच लिटरचं इंजिन आणि देतं किती, तर १५०-१६० हॉर्सपॉवर. तेवढी ताकद आजकालची मोटार दीड-दोन लिटरमध्ये काढते. मग विमानवाले मूर्ख आहेत का?

आता टाळ्या वाजवणाऱ्यांनी जरा कॅल्क्युलेटर काढावा.

मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, ३७ हॉर्सपॉवर, पण ५००० आरपीएमला. समजा दीड मीटर व्यासाचा प्रोपेलर थेट क्रँकला लावला आणि ५००० वर फिरवला. पात्याच्या टोकाचा वेग काढा. तो येतो सेकंदाला ३९० मीटरच्या वर, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त. तिथे पातं हवा ढकलण्याऐवजी नुसता आवाज करतं. बरं, मग २५०० वर फिरवा. टोकाचा वेग सुमारे १९६ मीटर, छान! पण त्या आरपीएमला इंजिनाचा टॉर्क सुमारे ५९ न्यूटन-मीटर. आपल्या नेहमीच्या सूत्रात घाला, हातात उरतात साधारण २१ हॉर्सपॉवर. म्हणजे अर्ध्याच्या आसपास ताकद गेली. ओ-३२० मात्र आपली पूर्ण ताकद २७०० आरपीएमलाच देतं. म्हणून ते मोठं आणि संथ ठेवलंय. विमानवाले मूर्ख नाहीत, आपणच सूत्र विसरलो होतो.

यावर उपाय आहे. मधे दोनास एक असा रिडक्शन गिअर किंवा बेल्ट टाकायचा. सुझुकीच्या इंजिनांना असे गिअरबॉक्स लावून परदेशात अल्ट्रालाईट उडवलेली आहेत. पण खरी परीक्षा इथेच सुरू होते. तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला दीड धक्का देतं. पुढे जड प्रोपेलर, मागे क्रँक आणि मधे शाफ्ट म्हणजे पिळदार स्प्रिंग. एखाद्या आरपीएमला धक्क्यांची आणि त्या स्प्रिंगची फ्रिक्वेन्सी जुळली की रेझोनन्स. व्हायब्रेशनच्या पेपरला आपण ही गणितं पाठ करतो, ओरलला फाडफाड बोलतो. शाफ्टला मात्र ते पाठांतर कळत नाही, तो सरळ तुटतो. मोटारीत क्रँक फक्त पिळला जातो. विमानात प्रोपेलर त्याला पुढे ओढतो आणि विमानाचं नाक वळलं की जायरोस्कोपच्या जोराने वाकवतोही. शेवरोलेच्या कॉर्व्हेअर मोटारीचं इंजिन पिटेनपोलने १९६० च्या सुमारास आपल्या संथ विमानाला लावलं आणि ते चांगलं चाललं. पुढे लोकांनी तेच जास्त वेगवान विमानांना लावलं, तेव्हा क्रँक मोडू लागले. मग प्रोपेलरच्या बाजूला एक जादा, पाचवं बेअरिंग बसवण्याची पद्धत आली. इंजिन तेच होतं, काम बदललं होतं.

आणखी एक गोष्ट. मारुती ८०० सपाट रस्त्यावर ताशी ८० ने जाते, तेव्हा तिला साधारण दहाच हॉर्सपॉवर लागतात. विमान मात्र उडत असताना तासन् तास पाऊण ताकद मागतं, म्हणजे इथे २८ च्या आसपास. लाख किलोमीटर चाललेलं इंजिन म्हणजे लाख किलोमीटर आरामात चाललेलं इंजिन! रेडिएटर, ऑइल, व्हॉल्व्ह, सगळ्यांचा हिशोब बदलतो. विमानाच्या इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते. आपल्या मोटारीची बॅटरी मेली तर आपण धक्का मारायला चार पोरं बोलावतो. वर कोणाला बोलावणार?

ही गंमत नाही. ४ मार्च २००७ रोजी जर्मनीत श्पायर इथे डायमंड कंपनीच्या दोन इंजिनांच्या विमानाने उड्डाण केलं. इंजिनं थीलर्ट कंपनीची होती, मर्सिडीज मोटारीच्या डिझेलवरून तयार केलेली आणि रीतसर सर्टिफाइड. बॅटरी उतरलेली असल्याने ती बाहेरच्या वीजपुरवठ्यावर सुरू केली होती. वर गेल्यावर चाकं आत घेताना व्होल्टेज क्षणभर पडलं आणि दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रीसेट होऊन दोन्ही इंजिनं बंद पडली. सुदैवाने माणसं वाचली. दोन्ही इंजिनं धडधाकट होती. दगा दिला तो त्यांच्याभोवतीच्या तारांनी. मोटारीच्या डिझेलवरून बनलेली इंजिनं आजही विमानात उडताहेत, म्हणजे गोष्ट जमते. पण ती कशी जमते, ते बघा.

अमेरिकेच्या नियमांप्रमाणे विमानाचं पिस्टन इंजिन सर्टिफाय करायचं, तर ते स्टँडवर एकूण १५० तास चालवून दाखवावं लागतं. त्यातला बराच वेळ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण ताकदीवर. घरी बांधलेल्या विमानाला तिथे सुरुवातीला ठरलेल्या हद्दीतच चाचणीची उड्डाणं करावी लागतात. सर्टिफाइड इंजिन आणि प्रोपेलरची जोडी असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४० तास. २०१२ मध्ये तिथल्या अपघात तपास मंडळाने अशा विमानांचा अभ्यास केला. अपघातांची सर्वांत जास्त आढळलेली कारणं दोन निघाली: विमानावरचा ताबा सुटणं आणि इंजिन यंत्रणा बंद पडणं.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे इंजिनाची चाचणी म्हणजे काय? एक्स्टर्नल येणार, त्यांना चहा द्यायचा आणि ते समोर उभे असताना इंजिन पाच मिनिटं चालवायचं. धूर, आवाज, टाळ्या!

दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी माझं सांगतो. मागच्या वर्षी टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टला आम्ही जुन्या स्कूटरच्या इंजिनावर पाण्याचा पंप बसवला होता. एक्स्टर्नलसमोर तो चार मिनिटं चालला. पाचव्या मिनिटाला कपलिंगमधून जळका वास यायला लागला, तसं मी "झालं सर" म्हणून इंजिन बंद केलं. रिपोर्टमध्ये 'यशस्वी चाचणी घेण्यात आली' हे वाक्य लिहिणारा मीच. मार्क्सही चांगले पडले. कपलिंग उघडून बघायची तसदी आमच्यापैकी कोणीही घेतली नाही. तो सांगाडा अजून वर्कशॉपच्या मागे पडून आहे. त्या पंपावर कोणाचा जीव अवलंबून नव्हता, एवढंच काय ते पुण्य!

रूम पार्टनरच्या इंजिनावर मात्र उद्या कोणीतरी बसणार आहे. "उडवण्याची परवानगी नाही मिळाली तरी ग्राऊंडवर पळवून बघू," असं तो म्हणतो. पळता पळता चाकं उचलली गेली, तर तेव्हा परवानगी कोण विचारणार?

म्हणून माझं म्हणणं: हा प्रोजेक्ट जरूर व्हावा, पण विमान या वर्षी बांधूच नये. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि प्रोपेलर स्टँडवर बसवावा, भोवती मजबूत जाळी लावावी आणि पाऊण ताकदीवर ५० तास चालवावं. दर तासाला तापमान, ऑइलचं प्रेशर, आरपीएम वहीत लिहावं. काय तुटलं, कधी तुटलं, का तुटलं, ते लिहावं. पुढच्या बॅचने पुढचे ५० तास करावेत, त्याच्या पुढच्या बॅचने आणखी ५०. तीन बॅचेसमध्ये दीडशे होतील. विमानाचं काय करायचं ते मग ठरवू.

सरांना दोन विनंत्या. तासाला नऊएक लिटर धरलं तरी ५० तासांना साडेचारशे लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे ४५ हजारांच्या पुढे. चार मुलांच्या वर्गणीत ते बसत नाही. गॅदरिंगच्या मांडवाला पैसे निघतात, तसे यालाही निघावेत. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची: ज्या ग्रुपचं इंजिन ३१ व्या तासाला मोडलं आणि ज्यांनी ते का मोडलं हे नीट लिहिलं, त्यांना पाच मिनिटांच्या टाळ्या मिळवणाऱ्यांपेक्षा जास्त मार्क्स द्या. नाहीतर आम्ही पाचव्या मिनिटाला बटण बंद करतच राहणार.

हे सगळं पार्टनरला ऐकवलं. तो म्हणाला, "पन्नास तास? सबमिशनच्या महिन्यात पन्नास तास झोप मिळत नाही, आणि तू इंजिन चालवायला सांगतोस!" मग बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर विमानाच्या ड्रॉईंगवर एक नवा कागद दिसला. वर लिहिलं होतं, 'टेस्ट स्टँड, मापं'. असो. जाळीसाठी अँगल कमी पडताहेत म्हणे. वर्कशॉपच्या मागचा आमचा पंपाचा सांगाडा मी त्याला देऊन टाकलाय. त्याआधी कपलिंग मात्र उघडून बघणार आहे.