वेगाआधी ताबा

मैत्रिणींनो, ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या डायना पुंडोले या शिक्षिकेने चेन्नईच्या ट्रॅकवर मोटार शर्यतीचं सलून गटातलं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला! ही बातमी मी बचत गटाच्या बैठकीत सांगितली, तर एक काकू म्हणाल्या, "आपल्या दिघोरीत कुठं आला ट्रॅक?"

ट्रॅक नाही, हे खरं. पण तिथे शिकवतात ते आपल्या कामाचं आहे. मोठ्या शहरांत 'ट्रॅक डे' असतो. वाहतूक नसलेल्या बंदिस्त ट्रॅकवर, हेल्मेट घालून, शिकवणारा शेजारी बसवून आपलीच गाडी चालवायची. तिथे शर्यत नसते. पहिला धडा नजरेचा: चाकापुढच्या खड्ड्याकडे नको, जिथे जायचं तिकडे बघा. दुसरा ब्रेकचा: वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करा. कारण टायरचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा. त्याच्याकडून एकाच वेळी थांबायचं आणि वळायचंही काम घेतलं, की गाडी घसरते.

आपल्याकडच्या शंकरपटातही धुरकऱ्याचं कसब नुसतं बैल पळवण्यात नसतं, जोडी सरळ राखण्यात असतं. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला तर महिलांचाही पट भरतो. बाया कासरा हाती घेतात आणि लोक कौतुकाने बघतात. मग स्कूटीचं हँडल धरायलाच भीती का?

आज लाखांदूर-साकोलीकडे कितीतरी मुली स्कूटीने कॉलेजला, आशाताई कामाला जातात. रस्त्यात धानाचे ट्रॅक्टर, गुरं, मागे दिवा नसलेल्या बंड्या. लायसन्स निघतं, पण अचानक ब्रेक कसा लावायचा हे किती जणींना कुणी शिकवलं? ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. वेग दुप्पट केला, की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. हे गणित घरातल्या प्रत्येक लेकीसुनेला पाठ हवं.

म्हणून माझं सांगणं, गटाने एखाद्या रविवारी शाळेचं मैदान मागून घ्यावं. चांगली गाडी चालवणारी एखादी ताई किंवा दादा बोलवावा. विटा मांडून वळणं आखावीत. हेल्मेट घालून, कमी वेगात, हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकदम पण हळूहळू दाबत थांबायचा सराव करावा. ओल्या मातीवर मात्र नको. आणि वेगाची हौस रस्त्यावर कुणीच भागवू नये.

पोरीला स्कूटी घेऊन देताना आपण पैशाची जुळवाजुळव करतो, नारळ फोडतो, हळदीकुंकू वाहतो. त्यासोबत चार दिवसांचा सरावही द्या. पुढच्या बैठकीत हा विषय नक्की ठेवा.