टिंबांआडचा शब्द

नेपियर टाउन, जबलपूर येथील एक वाचक भगिनी लिहितात : दुकानात कन्येच्या शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरला. परवलीच्या शब्दाच्या जागी टिंबेच उमटली. तो सुरक्षित समजावा काय?

नाही. पृष्ठ रचणारा 'इनपुट' या खुणेत 'टाइप'पुढे 'पासवर्ड' लिहितो, तेव्हा अक्षरे टिंबांआड जातात. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येही ही सोय होती. तिने चुकते ती केवळ शेजाऱ्याची नजर! वाटेत शब्द गुप्त राखते ते एचटीटीपीएस. ते नसेल तर तो जसाच्या तसा जातो. त्यातून अर्ज 'गेट' पद्धतीने धाडला, तर तो पत्त्याच्या पट्टीत उघडा दिसतो. तेथे 'पोस्ट'च योजावी लागते.

भगिनींनी तो शब्द दुकानदारास मोठ्याने सांगितला होता, असे पत्रात आहे. तो आजच बदलावा.