गृहिणीचे पान : खिमा, चीज आणि मेथांबा

गेल्या महिन्यात डोंबिवलीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांचे कॉलेजात जाणारे चिरंजीव स्टेशनाजवळ मित्रांसमवेत खिमा व चीज घातलेले भाजके सँडविच खातात आणि घरी येऊन ‘भूक नाही’ असे सांगतात. पत्रात विचारणा होती ती कृतीची. परंतु ओळींच्या आडून दुसराच प्रश्न डोकावत होता. हा पदार्थ आपल्या घरात करावा की न करावा? आम्ही प्रथम त्याचाच विचार करतो, कारण तो सुटल्यावाचून तवा शेगडीवर चढायचा नाही.

बाहेरच्या खाण्यावरून आपल्या समाजात वादळ उठावे हे नवे नव्हे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहामुळे टिळक-रानड्यांसारख्या पुरुषांपुढेही प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला होता. त्या प्रकरणाचे सूत्रधार गोपाळराव जोशी, म्हणजे कल्याण हे ज्यांचे माहेर त्या डॉ. आनंदीबाईंचे यजमान. आज त्याच कल्याणात चहा-बिस्किटांवाचून कित्येकांचा दिवस उजाडत नाही. पावाचीही तीच कथा. शब्दच मुळी पोर्तुगीज. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, पोर्तुगीज गेले, पाव मात्र मागे राहिला. विहिरीत पाव टाकला की गाव बाटले अशी समजूत एके काळी होती. आता ठाण्यापासून कल्याणपर्यंत वडापावाच्या गाडीपुढे उभे राहिलेल्यांची जात कोणी विचारीत नाही.

तथापि मांसाची गोष्ट चहा-पावासारखी नव्हे, हे आम्ही जाणतो. चहाने कोणाचा जीव जात नाही. प्राणिहिंसा ज्यांच्या मनास सोसत नाही, त्यांचा नकार केवळ रूढी म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. आनंदीबाई स्वतः १८८३ साली अमेरिकेस गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, परंतु त्या मुलुखात राहूनही त्यांनी शाकाहार सोडला नाही. समुद्र ओलांडण्याचे धैर्य ज्या स्त्रीने दाखविले तिलाही जो नियम पाळावासा वाटला, तो घरातील सासूबाईंनी पाळला तर सुनेने नाक मुरडण्याचे कारण नाही.

आमचे मत असे की, मुलगा खातच असेल तर त्याने चोरून न खाता घरी सांगून खावे. आणि आईच्या मनाची तयारी असेल तर तिने खुशाल करून द्यावे. तयारी नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. आईने मांस न शिजविणे हा मुलावरील जुलूम नव्हे. आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलास स्वतःचा तवा धरता येत नसेल, तर तो दोष मांसाचा नव्हे, संगोपनाचा.

आता पदार्थाकडे वळू. बाजारात हा बहुधा चीजने थबथबलेला असतो आणि गोडव्यासाठी त्यावर बाटलीतील सॉस ओतलेला असतो. खिम्याचा उग्रपणा व चीजचा तुपकटपणा या दोहोंना आवर घालण्यास नुसता गोडवा पुरत नाही. त्यास आंबट, तिखट आणि किंचित कडूही हवे. हे चारही एकत्र असलेला जिन्नस आपल्याच फडताळात आहे, तो म्हणजे मेथांबा. कैरी सोलून फोडी कराव्यात. मोहरी, हिंग, हळद आणि अर्धा चमचा मेथीदाणे यांची फोडणी करून त्यात त्या मऊ होऊ द्याव्यात. मग फोडींइतकाच गूळ, तिखट व मीठ घालून पाक दाट होईपर्यंत आटवावे. पातळ मेथांबा पोळीशी चालतो, येथे चालत नाही; पावाचा लगदा होतो.

चार माणसांस पाव किलो बोकडाचा खिमा पुरे. तो डोळ्यांदेखत करून घ्यावा व त्याच दिवशी शिजवावा. अखंड तुकड्याच्या केवळ पृष्ठभागावर असणारे जंतू खिमा करताना आतबाहेर सर्वत्र मिसळतात. म्हणून खिमा कोठेही गुलाबी राहता कामा नये. दोन कांदे उभे चिरून मंद आचेवर चांगले तांबूस होईपर्यंत परतावेत. येथे घाई करू नये, कारण निम्मा गोडवा या कांद्यातूनच यायचा आहे. मग आले-लसणाचे वाटण, दोन हिरव्या मिरच्या, हळद व खिमा घालून परतावे, थोडे पाणी शिंपडून झाकण ठेवावे आणि सुमारे वीस-पंचवीस मिनिटे शिजू द्यावे. शेवटी झाकण काढून पाण्याचा अंश आटवावा व पाव चमचा गरम मसाला घालावा. मीठ बेतानेच, कारण चीज खारट असते. खिमा कोरडा किती करावा याचा अंदाज येत नसेल तर शेजारच्या सीकेपी वहिनींस विचारावे. ठाण्यात त्या सहज भेटतील, आणि खिम्याचे कानवले करणाऱ्या हातांना सारणाचा कोरडेपणा शिकवावा लागत नाही.

पावाच्या आठ कापांना बाहेरच्या बाजूने लोणी लावावे. आत प्रथम किसलेले चीज, त्यावर खिमा, त्यावर चमचाभर मेथांबा, आणि पुन्हा थोडे चीज. असे दोन्हीकडे चीज घातले की ते वितळून गिलाव्याप्रमाणे सारण धरून ठेवते. चौघांस मिळून शंभर ग्रॅम चीज पुष्कळ झाले. डब्यात मिळणारे प्रक्रिया केलेले चीज येथे उत्तम. त्यातील क्षारांमुळे ते एकसारखे वितळते, तूप सुटून निथळत नाही. गॅसवर धरायचा लांब दांड्याचा टोस्टर असल्यास मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे. नसल्यास तव्यावर ठेवून वर जड पातेले दाबावे. आच मोठी केली तर पाव करपतो आणि आतील चीज थंडच राहते.

घरात न खाणारी माणसे असतील तर त्यांचे सँडविच आधी भाजावे. उकडलेला बटाटा, बीट, काकडी, हिरवी चटणी व तोच मेथांबा असे सारण त्यांस आवडेल. टोस्टर दोन ठेवता आले तर अधिक बरे. चीज घेताना त्यांच्यासाठी हिरवा ठिपका अवश्य पाहावा. दूध विरजण्यास जुन्या पद्धतीत वासराच्या पोटातील रेनेट वापरीत, आणि परदेशी चीजमध्ये ते अद्यापही असू शकते. हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये तो प्रश्न उद्भवत नाही.

कैऱ्यांचे दिवस नसतील तर गुळांब्यात थोडे तिखट व भाजलेल्या मेथीची चिमूटभर पूड मिसळून काम भागते. सकाळच्या लोकलने जाणाऱ्यांच्या डब्यात मात्र हा पदार्थ देऊ नये. दुपारपर्यंत चीज चिवट होते, पाव ओलावतो, आणि उन्हाळ्यात खिमा इतके तास डब्यात राहणे धोक्याचेही असते. रविवारी संध्याकाळी करावा आणि टोस्टरमधून काढताच पानात वाढावा.