दोन्ही तीरांवरून

मुलांनो, दोन मित्रांचे भांडण मिटवताना आपण एकाचेच ऐकून निवाडा देत नाही. मग राष्ट्रांच्या युद्धाची हकीकत मात्र एकाच बाजूने वाचून समाधान का मानावे?

दुसऱ्या महायुद्धाचेच पाहा. सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाने इतके सैनिक दिले, की लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. आपल्या मुलखातील अनेक तरुण त्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातून परदेशी लढत होते. त्याच काळी क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे तरुण सातारा-सांगलीच्या खेड्यांतून इंग्रजांशी झुंजत होते. 7 जून 1943 रोजी तुफान सेनेने शेणोली येथे सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली. एकाच मातीची ही लेकरे. एक सरकारच्या बाजूने लढतो, दुसरा सरकारविरुद्ध! एकाचे शौर्य मानण्यासाठी दुसऱ्याला कमी लेखावे, असे मला वाटत नाही.

आता राष्ट्रांकडे वळू. 1939 साली हिटलरने पोलंडवर स्वारी केली, तेव्हा इंग्लंड म्हणाले, ‘आम्ही स्वातंत्र्यासाठी लढतो.’ तथापि त्याच इंग्लंडने भारताला न विचारता युद्धात ओढले. जर्मनीच्या मनात 1919 च्या व्हर्सायच्या तहाचा अपमान सलत होता. हिटलरने तो संताप फुलवला. इटली प्रथम जर्मनीच्या बाजूने लढली आणि 1943 च्या सप्टेंबरात तिने शस्त्रे खाली ठेवली.

तर मग सारेच सारखे दोषी, की सारेच निर्दोष? मुळीच नव्हे. हिटलरच्या राजवटीने सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. कोणताही अपमान या पापाचे समर्थन करू शकत नाही. दुसऱ्याची बाजू समजून घेणे म्हणजे त्याच्या अपराधावर पांघरूण घालणे नव्हे. उलट, माणसे अशा मार्गाला का लागली हे कळले, तरच तो मार्ग पुन्हा रोखता येईल.

रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत जर्मनांशी लढताना धारातीर्थी पडले. तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. जो देश पूर्वी शत्रूच्या गोटात होता, त्याच देशात, माँतोने गावी, 2023 साली त्यांचे स्मारक उभे राहिले.

म्हणून युद्धाचा इतिहास वाचताना निवाडा अवश्य द्या. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर उभे राहून पाहिल्यानंतरच द्या.